फेरफारासाठी ‘चहापाणी’ मागितलं तर

नोंदणीकृत खरेदीखताच्या फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलण्याच्या नोंदीसाठी, तलाठ्याला वेगळी वर्दी (लेखी सूचना) द्यावी लागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयाकडून माहिती तलाठ्याकडे जाते, संबंधितांना नमुना 9 ची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे ठाऊक नसलं की माणूस एजंटाच्या हातात ‘सगळं मिळून’ रक्कम ठेवतो आणि लाच आपण दिलीच नाही असं समजतो. दिलेली असते, फक्त दुसऱ्याच्या हातून. सरकारी फी आणि एजंटाची मजुरी वेगळी लिहून मागा. उरलेला आकडा कशाचा, ते तिथेच कळतं.

दाखल्यांसाठी तारखेची पोच घ्याच. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे मुदत टळली की 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. पोच नसेल तर मुदत कुठून मोजणार?

थेट पैसे मागितले तर घासाघीस करू नका. ‘बघतो’ म्हणून बाहेर पडा आणि 1064 वर फोन करा. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतो, रेकॉर्डर लावून. इथेच बऱ्याच तक्रारी फसतात: तक्रारदार स्वतःच ‘पाच हजार देऊ का?’ विचारतो. आकडा समोरच्याच्या तोंडून यायला हवा, कारण मागणी सिद्ध झाली नाही तर नुसत्या सापडलेल्या नोटांवर खटला टिकत नाही.

नाइलाजाने आधीच दिले असतील तर 7 दिवसांच्या आत कळवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो; सक्तीने द्यावी लागली, हा बचाव मुदतीत कळवणाऱ्यासाठी आहे.