फॅमिली कॅम्पिंगचा प्लॅन करताय? आधी रात्रीचं बघा, दिवसाचं नंतर

पुण्यातनं घरच्या सगळ्यांना घेऊन पहिल्यांदा टेंटमधे राहायला जायचं ठरलं की लोक काय बघतात, तर गड कुठला, धबधबा कुठला, नाश्ता कुठे करायचा. दिवस कसाही जातो हो. खरी परीक्षा संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, म्हणून माझं सांगणं एवढंच की प्लॅन तिथून सुरू करा. घरातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं माणूस रात्री नीट झोपलं, त्यांना बाथरूमची अडचण झाली नाही, तर पुढच्या ट्रिपची तारीख घरी पोचायच्या आधीच ठरते.

हे आम्ही शिकलो ते पवना धरणाच्या काठाला. फोटो बघून बुकिंग केलं, तळं सुंदर, समोर तुंग किल्ला, सगळं मस्त, पण रात्री दीड वाजेपर्यंत स्पीकर चालू आणि टॉयलेट इतकं लांब की सासूबाईंनी संध्याकाळी सहानंतर पाणीच प्यायलं नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईने तहान मारून रात्र काढली हे मला सकाळी कळलं, इतकं वाईट वाटलं. तेव्हापासून बुकिंग करायच्या आधी मी फोनवर चार गोष्टी विचारतेच. टॉयलेट टेंटपासून किती पावलांवर आणि कमोड आहे का, दिवा रात्रभर असतो का, गाणी किती वाजता बंद होतात, आणि गाडी टेंटच्या जवळ लागते का. गाडी जवळ हवीच, कारण रात्री पाऊस आला किंवा मूल घाबरलं तर तीच तुमची खोली असते. फोनवर उत्तरं गोलगोल आली की तो कॅम्प सोडून द्यायचा, दुसरा शोधायचा.

माझी नणंद कॅलिफोर्नियात असते, तिकडे स्टेट पार्कमधे नंबर घातलेली जागा मिळते, लाकडी टेबल आणि शेकोटीची लोखंडी रिंग तिथेच असते, काही ठिकाणी आरव्हीला, म्हणजे आत राहता-झोपता येतं अशा गाडीला, पाण्याचं-विजेचं कनेक्शन पण असतं, आणि बुकिंग सहा महिने आधी उघडतं तेव्हा सुट्टीतले शनिवार-रविवार बघता बघता संपतात. आपल्याकडे सरकारने 2021 मधे कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, भाड्याने कॅम्परव्हॅन पण मिळतात आता, पण घाटातले अरुंद रस्ते आणि गावातली वळणं बघता पहिल्या ट्रिपला आपली नेहमीची गाडी आणि टेंट हेच बरं. नंबरची जागा नसली तरी आपल्याकडे गावातलं एखादं घर असतं, ते अंगणात टेंट लावू देतं आणि रात्री गरम भाकरी वाढतं, मला ते जास्त आवडतं.

जागा म्हणाल तर घरी पटकन परत येता येईल अशी हवी असेल तर पवना किंवा मुळशी, पण शक्यतो शनिवार सोडून. दोन रात्री असतील तर सरळ भंडारदरा. चाकण, खेड, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर आणि मग धरणाजवळचं शेंडी गाव, साधारण पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर होतात, मुलं असतील तर थांबत थांबत सहा तास धरा. चाकणचं ट्रॅफिक टाळायचं तर पहाटे साडेपाचला गाडी बाहेर पाहिजे. अकोल्यातच टाकी फुल करा, एटीएममधून कॅश काढा आणि मॅप डाउनलोड करून ठेवा कारण पुढे रेंजचा भरवसा नाही. जाताना राजूरचे पेढे घ्यायचे, ते काही रात्रीपर्यंत उरत नाहीत. आणि हो, जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात रस्त्यालगत ऊस आहे आणि उसात बिबटे आहेत, तेव्हा अंधारात मुलांना सूसाठी उसाच्या कडेला एकटं सोडू नका, हॉटेल किंवा पेट्रोल पंपावरच थांबा.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 ला पूर्ण झालंय, जलाशयाच्या पलीकडच्या टोकाला रतनवाडी, तिथे अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आणि डोक्यावर रतनगड. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर फी भरून पावती जपून ठेवा, आणि मनाला येईल तिथे टेंट ठोकू नका, परवानगी कुठे आहे ते नाक्यावर विचारा. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण चार वर्षांचं मूल आणि गुडघेदुखी असलेली आजी बरोबर असताना पहिल्याच ट्रिपला तो हट्ट नको. मंदिर, पुष्करणी आणि तळ्याकाठी दोन तास बसणं एवढ्यात मुलांचा दिवस भरतो.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चांदण्या दाखवायच्या असतील तर कॅलेंडरमधे अमावास्या बघून त्याच्या जवळचा वीकेंड धरा, 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतनं उल्का पडतात, त्या बघायला स्वेटर घालून बसायचं. काजवे बघायचे तर मेचा शेवट ते पाऊस लागेपर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं नुसती लुकलुकत असतात. तेव्हा गर्दी असते आणि रात्री गाड्या सोडण्याचे नियम असतात, ते आधी विचारून घ्या. आणि प्लीज, मोबाईलचा टॉर्च मारू नका, काजवे त्या प्रकाशानेच जोडीदार शोधत असतात.

आता टेंट. चार जणांचा म्हणून लिहिलेला टेंट म्हणजे चार जण खांद्याला खांदा लावून, बॅग ठेवायला जागा नाही, म्हणून चौघांना सहाचा घ्या नाहीतर दोन वेगळे. पहिल्यांदा विकत घेऊच नका, भाड्याने घ्या. जायच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर लावून बघा आणि मुलांना त्यात दुपारी झोपवा, मग तिथे गेल्यावर अंधारात कुठली काठी कुठे हा गोंधळ होत नाही. खाली घालायची ताडपत्री बोहरी आळीत मिळते, टेंटपेक्षा थोडी छोटीच घ्यायची, बाहेर राहिली तर पाऊस त्यावर पडून सरळ आत येतो.

जागा निवडताना माझी धाकटी एक काम करते, पाण्याची बाटली जमिनीवर आडवी ठेवते आणि कुठे घरंगळते ते बघते. साधं वाटतं पण उतार डोळ्यांना दिसत नाही, रात्री मात्र सगळे घसरत एका कोपऱ्यात गोळा होतात. थोडा उतार राहिलाच तर डोकी वरच्या बाजूला. पाण्याच्या अगदी काठाला टेंट नको, शंभर पावलं वर घ्या, खालच्या खोलगट जागेत थंड हवा साचते आणि दंवही जास्त पडतं. सकाळी टेंटच्या आतनं थेंब टपकतात ते बऱ्याचदा पाऊस नसतो, आपल्याच श्वासाची वाफ असते, म्हणून वरची जाळीची खिडकी थंडीतही थोडी उघडी ठेवायची. अंगावर कितीही घेतलं तरी गारठा जमिनीतनं येतो, त्यामुळे मॅट जाड पाहिजे, आम्ही घरची सतरंजी आणि गोधडी पण नेतो. सासूबाईंसाठी घडीची कॉट आणि एक खुर्ची, कारण जमिनीवरनं उठणं हाच त्यांचा त्रास होता.

एक गोष्ट कळकळीने सांगते, कितीही थंडी असो, कोळशाची शेगडी किंवा गॅस टेंटच्या आत नेऊ नका. त्यातनं निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही आणि जीव जातो. टेंटची झिप रात्री पूर्ण बंद, कारण मण्यार रात्री फिरते आणि तिचा चावा झोपेत जाणवतच नाही. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं काही नाही, माणसाला शांत ठेवायचं, हालचाल कमी आणि थेट हॉस्पिटल, 108 ला फोन. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे ते निघायच्या आधीच बघून ठेवा. धरणाच्या काठाला गाळ असतो, दोन पावलात पाय रुततो, तेव्हा मुलं पाण्याजवळ असताना एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडेच बघत बसलेलं पाहिजे, हातात मोबाईल नाही.

जेवणाचा फार घाट घालू नका. पहिल्या रात्री गावातल्या घरी पिठलं, भाकरी, ठेचा आधीच सांगून ठेवायचा, मुलांसाठी मेतकूट आणि तूप घरून, भात तिथे मिळतोच. सकाळी थालीपीठाची भाजणी भिजवायची आणि छोट्या गॅसवर तवा. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन, टॉयलेट पेपर, पिशव्या, प्रत्येकाला स्वतःचा हेडलॅम्प. मुलांना तो दिला की अंधाराची भीती निम्मी जाते, कारण दिवा त्यांच्या ताब्यात असतो. पाळीची सोय आपली आपण न्यायची आणि वापरलेलं सगळं बंद डब्यातनं परत पुण्याला आणायचं, गावात टाकायचं नाही.

निघताना टेंट दंवाने ओला असतो आणि घाईत तसाच गुंडाळला जातो, त्यामुळे घरी आल्या आल्या दमलेले असलात तरी आधी तो गच्चीत पसरा, चेनमधली माती ब्रशने काढा आणि पूर्ण वाळल्यावरच पिशवीत भरा.