पोट मऊ आणि माणूस तडफडतोय, तेव्हा काय करायचं

कोल्हापुरात सर्जिकल वॉर्डात सिस्टर म्हणून माझी तीस वर्षं गेली. पोटदुखीच्या पेशंटचं पोट दाबलं की बहुतेक वेळा दुखणं हाताला सापडतं. अपेंडिक्स असेल तर उजवीकडे खाली हात लागताच पेशंट कळवळतो, आतडं फुटलं असेल तर पोट फळीसारखं कडक लागतं. एका आजारात मात्र हात फसतो. माणूस कॉटवर गडबडा लोळतोय आणि पोट कणकेच्या गोळ्यासारखं मऊ. आतड्याचा रक्तपुरवठा अचानक तुटला की सुरुवातीला असंच होतं. डॉक्टर त्याला मेसेंटेरिक इस्केमिया म्हणतात.

गगनबावड्याच्या बाजूची एक बाई मला अजून आठवते. पहाटे कळ उठली, दोन उलट्या झाल्या, एकदा जोराची शी. घरच्यांनी ओवा-सैंधव दिलं, पोटाला एरंडेल चोळलं. गावात इंजेक्शन घेतल्यावर जरा शांत वाटलं म्हणून दुपारपर्यंत थांबले. 55 किलोमीटर पार करून ती आली तेव्हा पोट फुगून कडक झालं होतं. तिला लहानपणी सांधेताप झालेला, त्यातून हृदयाची झडप खराब झालेली, ठोके अनियमित. रक्त पातळ करायची गोळी चालू होती. पण रक्ताच्या तपासणीसाठी दर वेळी कोल्हापूरला यायचं म्हणजे एक रोजगार बुडायचा, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिनं ती सोडली होती. हृदयात धरलेली गुठळी वाहत जाऊन लहान आतड्याच्या मुख्य धमनीत अडकली. पोट उघडलं तर जवळपास सगळं लहान आतडं काळं पडलेलं. ती वाचली नाही.

रक्त पूर्ण बंद पडलं तर साधारण 6 तासांत आतडं परत न येण्याइतकं मरतं. म्हणून घरी काय करायचं ते नीट लक्षात ठेवा. साठीच्या पुढचा माणूस, किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेला कुठल्याही वयाचा, अचानक पोट धरून तळमळायला लागला की त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघा. ठोके कधी लवकर, कधी उशिरा, कशाचाच मेळ नाही असं लागलं तर 108 ला फोन करा. नाडी सरळ लागली तरी एवढी कळ असेल तर निघायचंच. गुठळी हृदयातूनच येते असं नाही, बिडी-तंबाखूनं आणि मधुमेहानं आधीच अरुंद झालेली धमनीही जागच्या जागी बुजते. तोंडानं काही देऊ नका, चहासुद्धा नाही. जुलाबाचं औषध तर मुळीच नाही. दुखणं थांबवणारं इंजेक्शन घेतलं तर हरकत नाही, पण ते घेऊन घरी परतू नका. चालू गोळ्यांची पाकिटं, जुना ईसीजी आणि रेशनकार्ड एका पिशवीत घ्या.

कॅज्युअल्टीत नुसतं 'पोटात दुखतंय' म्हणू नका. असं सांगा: "कळ इतक्या वाजता अचानक उठली. ठोके अनियमित आहेत, अमुक गोळी बंद केली होती. आतड्याच्या रक्तवाहिनीचा सीटी अँजिओ लागेल का?" निदान त्याच तपासणीनं होतं: हाताच्या शिरेतून डाय म्हणजे रंगाचं औषध सोडून सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या बघतात. एक्स-रे आणि सोनोग्राफी सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतात, रक्त कमी पडल्यावर वाढणारं रक्तातलं लॅक्टेट हे आम्लही. ते रिपोर्ट बघून नातेवाईक निश्चिंत होतात, तिथंच वेळ जातो. डायमुळे किडनी जाईल या भीतीनं पुष्कळ जण सही करायला कचरतात. किडनीला थोडा धोका असतो, खरं आहे. पण मेलेल्या आतड्यापुढे तो लहान आहे. मी तरी माझ्या माणसासाठी लगेच सही करीन.

उपचार ताबडतोब सुरू होतात: सलाईन, ऑक्सिजन, अँटिबायोटिक, नाकातून नळी आणि गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिन. मग पोट उघडून किंवा कॅथेटरनं गुठळी काढतात, मेलेलं आतडं कापतात. गुठळी धमनीत नसून आतड्यातून रक्त परत नेणाऱ्या शिरेत असेल तर पुष्कळदा हेपॅरिनवरच भागतं. एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. आतड्याचा एखादा तुकडा जगेल की नाही याची शंका असेल तर सर्जन तो तसाच ठेवतात आणि 24 ते 48 तासांनी पोट पुन्हा उघडून बघतात. त्याला सेकंड लूक म्हणतात. 'पहिलं ऑपरेशन चुकलं' म्हणून वॉर्डात भांडणारे लोक मी बघितलेत. जास्तीत जास्त आतडं वाचावं म्हणूनच हे करतात.

हाच आजार सावकाशही येतो, आणि तो माझ्या घरीच आला. माझा थोरला भाऊ तालमीतला गडी, पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यावर वाट्या रिचवणारा. तो अर्ध्या भाकरीवर उठायला लागला. "अगं, जेवलं की अर्ध्या तासात पोटात पीळ पडतोय. आता ताटाचंच भ्या वाटतंय," म्हणाला. सहा महिन्यांत 11 किलो उतरला. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, एंडोस्कोपी नॉर्मल आली, सगळे कॅन्सरच्या भीतीनं गप्प. जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं. धमन्या अरुंद असतील तर ते पोचत नाही आणि कळ येते. सीटी अँजिओत त्याच्या आतड्याच्या तीनपैकी दोन धमन्या अरुंद निघाल्या, स्टेंट टाकला. जेवणानंतरची कळ, जेवायची भीती आणि उतरतं वजन हे तिन्ही एकत्र दिसलं तर ही तपासणी मागून घ्या.

स्टेंट पुन्हा अरुंद होऊ शकतो, म्हणून तंबाखू बंद, गोळ्या चालू, आणि वेळोवेळी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी. जेवणानंतरची कळ परत आली तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. भाऊ दर रविवारी तालमीतल्या काट्यावर उभा राहतो आणि मला फोन करून आकडा सांगतो.