रेटिंग हलत नाहीये? मग सुधारणा मोजायची कशी

बुद्धिबळातल्या रेटिंगचा आकडा महिनोन्महिने तिथंच घुटमळतोय म्हणून लगेच नवीन ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींच्या) मागे पळू नका. एलो म्हणा नाहीतर ग्लिको (रेटिंग काढायच्या दोन पद्धती), रेटिंग फक्त इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते सांगतं, आणि ते इतरही रोज पझल्स (सरावाची कोडी) सोडवतायत. शिवाय रेटिंगमध्ये ५० गुणांनी वरचा खेळाडूसुद्धा एलोच्या हिशोबाने १०० डावांत जेमतेम ५७ गुण काढतो, त्यामुळे चार डावांवरून काही ठरवायचं म्हणजे वेळेचा अपव्यय.

एकच टाइम कंट्रोल (डावासाठी ठरलेली वेळ) धरा, १५+१० म्हणजे प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद जास्त, असं असेल तर उत्तम. ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) त्यात मिसळू नका. शेवटचे २० डाव काढा, जिंकलेले पण.

आता खरी कटकट. इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) बंद ठेवायचं आणि प्रत्येक डावात आपलं पहिल्यांदा कुठे बिनसलं ते स्वतः शोधून लिहायचं. मी याच टप्प्यावर सगळ्यात जास्त अडकायचो, कारण इंजिन चूक कुठे झाली ते दाखवतं, का झाली ते नाही. नोंद अशी हवी: "चाल १८, हत्ती डी८, ४ सेकंदांत खेळलो, डी३ वरच्या उंटाची एच७ वर नजर आहे ते बघितलंच नाही." मग प्रत्येक चुकीला एकच खाना: मोहरा फुकट दिला, धमकी दिसली नाही, दिसली पण हिशोब चुकला, किंवा काय करायचं तेच सुचलं नाही. "वेळ कमी होता" हा खाना ठेवूच नका, सगळी पापं त्यातच जाऊन बसतात, घड्याळात ६ मिनिटं शिल्लक असताना केलेली सुद्धा. जिंकलेल्या डावात समोरच्याला दिसली नाही म्हणून वाचलेली चूकही धरायची, इथे बहुतेक लोक स्वतःला माफ करून टाकतात.

इंजिन सगळ्यात शेवटी, फक्त पडताळायला. आणि तुमच्या चाली इंजिनच्या मते किती अचूक ते सांगणाऱ्या ॲक्युरसीच्या टक्क्यावर तर अजिबात जाऊ नका राव, भराभर मारामारी होऊन बरोबरीत सुटलेल्या रटाळ डावात ९५ पडतात आणि दोन्हीकडून हल्ला चाललेल्या डावात भारी खेळूनही ७८.

पुढचे २० डाव झाले की परत तेच. फुकट जाणारे मोहरे कमी होऊन हिशोबाच्या चुका वाढल्या असतील तर तुम्ही सुधारताय, रेटिंग काहीही म्हणो. "धमकी दिसली नाही" हाच खाना परत भरलेला असेल तर पझल्स थोडे दिवस बाजूला ठेवा आणि प्रत्येक चालीआधी समोरचा कुठे चेक देऊ शकतो, काय मारू शकतो, एवढंच बघत खेळा.