हळू आवाजात गाणं भरीव कसं ऐकावं

रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले असतात. पोरं झोपलेली, शेजारच्या फ्लॅटमधले दिवे मालवलेले. दिवसभर मनात घोळत असलेला दरबारी आता लावावा, तर आवाज इतका खाली आणावा लागतो की तबल्याच्या जोडीतला डग्गाच नाहीसा होतो. चाट ऐकू येते, तिरकिट कळतं, पण 'धा'मधला घुमारा गेलेला असतो. गळा पातळ वाटतो, तंबोरा कुठेतरी मागे सरकतो.

यात तुमच्या स्पीकरचा दोष बहुधा नसतो. कानच तसा आहे. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून दाखवलं: आवाज जसजसा हळू होतो, तसतसा कान खर्जाला जास्त बहिरा होत जातो. त्या मोजमापांच्या सुधारित वक्ररेषा आज आयएसओ 226 या मानकात आहेत. व्यवहारात अर्थ असा, की 80 डेसिबलला ऐकत असलेलं गाणं 60 वर आणलं, तर 100 हर्ट्झच्या आसपासचा बेस बाकीच्या सुरांपेक्षा साधारण 6-7 डेसिबलने जास्त खाली गेल्यासारखा वाटतो. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या जवळ असते. म्हणजे गाण्याचा सगळा पायाच या पट्ट्यात आला.

म्हणून आधीच सांगतो, यासाठी मोठा ॲम्प्लिफायर घेऊ नका. एका दुकानदाराच्या शब्दावर मी दुप्पट वॉटचा घेतला होता आणि रात्रीच्या ऐकण्यात तसूभर फरक पडला नाही. हिशेब साधा आहे. 86 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर 86 डेसिबल देतो. आपण ऐकतोय 60 ला. त्याला लागतात अडीच मिलीवॉट. समेवरची जोरकस थाप 20 डेसिबलने वर गेली, तरी पाव वॉट.

आधी खोली गप्प करा

ऐकायच्या जागेवर बसा, काहीही लावू नका आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. पंखा, फ्रीज, एसी, चार्जरची गुणगुण, खिडकीबाहेरचा रस्ता. हे सगळं तुमच्या गाण्यावर पांघरूण घालतंय. गाण्याचे सगळ्यात नाजूक भाग, म्हणजे सूर सुटल्यावर मागे राहणारी आस, तंबोऱ्याच्या जवारीतून उठणारे स्वर, गायकाचा श्वास, हे आधी बुडतात. पंखा पाचवरून दोनवर आणा. जमत असेल तर छतावरचा बंद करून टेबलफॅन लांब ठेवा. खिडकी लावा, जाड पडदा ओढा. खोली जितकी शांत, तितका आवाज खाली आणता येतो.

मोजायची हौस असेल तर आयफोनवर निऑश या अमेरिकी सरकारी संस्थेचं ध्वनिमापक ॲप फुकट मिळतं. आकड्यावर फार अडू नका, आधी आणि नंतरचा फरक बघा.

खुर्ची पुढे घ्या

याला पैसा लागत नाही आणि फरक मोठा पडतो. अंतर निम्मं केलं की स्पीकरकडून थेट येणारा आवाज 6 डेसिबलने वाढतो. अडीच मीटरवरून सव्वा मीटरवर या. शेजाऱ्याला पूर्वीइतकंच ऐकू जाईल, तुम्हाला मात्र स्पष्ट. शिवाय भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाचं प्रमाण कमी झाल्यामुळे शब्द उजळतात. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर साधारण सारखं ठेवा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला येऊ द्या. मी रात्रीपुरती एक हलकी खुर्ची पुढे ओढतो, सकाळी परत जागेवर.

त्याच वेळी स्पीकर मागच्या भिंतीच्या जरा जवळ सरकवा. भिंत खर्जाला आधार देते. दिवसा मोठ्या आवाजात जो बेस गुंगुं करतो, तोच रात्री हवाहवासा वाटतो. वीतवीतभर सरकवत ऐका. कोपऱ्यात मात्र ढकलू नका, तिथे एकच सूर फुगतो आणि डग्ग्याचे सगळे बोल सारखेच वाटायला लागतात.

बेस वाढवा, अपराधी न वाटता

'टोन कंट्रोलला हात लावायचा नाही' हा हाय-फायवाल्यांचा जुना हट्ट आहे. मोठ्या आवाजासाठी तो ठीक आहे. हळू आवाजात मात्र बेस न वाढवणं म्हणजेच मूळ गाण्यापासून दूर जाणं, असं माझं ठाम मत आहे. ध्वनिमुद्रण ज्याने जुळवलं, त्याने ते बऱ्यापैकी मोठ्या आवाजात ऐकून जुळवलेलं असतं. तो तोल तुमच्या कानात परत आणायचाय.

ॲम्पवर बेसची घुंडी असेल तर ती थोडी थोडी वाढवत न्या, डग्गा जागेवर येईपर्यंत. ट्रेबलला फारसं काही लागत नाही. वरच्या पट्टीत कानाची घट जवळजवळ मधल्या सुरांइतकीच असते, त्यामुळे एक-दोन डेसिबल पुरतात. जास्त दिलं तर 'स' आणि 'श' टोचतात.

जुन्या ॲम्पवरचं 'लाउडनेस' बटण याच कामासाठी असतं, पण त्याची एक खोड माहीत असलेली बरी. बऱ्याच ॲम्पमध्ये ते खोलीत किती आवाज आहे हे ओळखत नाही, व्हॉल्यूमची घुंडी कुठे आहे एवढंच बघतं. म्हणून एका घरात ते बटण अमृत वाटतं आणि दुसऱ्या घरात चिखल. यामाहाच्या काही ॲम्पवर लाउडनेसची वेगळी फिरती घुंडी असते. ती वापरायची रीत उलटी आहे: आधी ती 'फ्लॅट'वर ठेवायची, व्हॉल्यूम तुम्ही जास्तीत जास्त जेवढा मोठा ऐकाल तेवढा लावायचा आणि मग लाउडनेसच्या घुंडीनेच आवाज खाली आणायचा. मधले सूर कमी होतात, बेस मागे राहतो. मला ही सगळ्यात शहाणी सोय वाटते. होम थिएटरचा रिसीव्हर असेल आणि त्यात ऑडिसी ही ध्वनी जुळवणारी प्रणाली असेल, तर आवाजानुसार बेस सांभाळणारा तिचा 'डायनॅमिक ईक्यू' सुरू करून बघा.

कॉम्प्युटरवरून ऐकत असाल तर विंडोजसाठी इक्वलायझर एपीओ हा सूर कमी-जास्त करायचा प्रोग्रॅम फुकट आहे. 120 हर्ट्झच्या खाली एक लो-शेल्फ, म्हणजे खालचा सगळा पट्टा एकदम उचलणारा फिल्टर लावा, 5-6 डेसिबलचा. मात्र त्याच प्रोग्रॅममधला 'प्रीॲम्प' हा एकूण आवाजाचा आकडा तेवढाच खाली घ्या, उणे 6. हे विसरलात तर डग्ग्याच्या प्रत्येक थापेला आवाज फाटेल आणि दोष स्पीकरवर जाईल.

घुंडी आठवर अडकली असेल तर

हे फार घरांत घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सीडी प्लेअर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालणारा सिग्नल करणारी पेटी) दोन व्होल्ट सोडतो, ॲम्पला पूर्ण ताकदीला दीड-दोनशे मिलीव्होल्ट पुरतात. मग रात्री घुंडी घड्याळातल्या आठच्या काट्याजवळच राहते. तिथे साध्या कार्बनच्या घुंडीत डावा आणि उजवा चॅनल एकसारखे चालत नाहीत. एक जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा, डोळे मिटा. गळा बरोबर मधोमध उभा राहायला हवा. तो एका बाजूला झुकत असेल तर हाच प्रकार.

उपाय: फोन, स्ट्रीमर किंवा डॅकचा व्हॉल्यूम 12-15 डेसिबलने कमी करा आणि ॲम्पची घुंडी दहा-अकरापर्यंत वर येऊ द्या. 24 बिटच्या डॅकमध्ये एवढ्याने काही हरवत नाही. जुना सीडी प्लेअर असेल आणि त्याला व्हॉल्यूमच नसेल, तर केबलच्या टोकाला लावायचे, सिग्नल कमी करणारे छोटे ॲटेन्युएटर मिळतात. हे केल्यावर लाउडनेस बटणाचा परिणामही बदलेल, तेव्हा ते पुन्हा ऐकून ठरवा.

शेजाऱ्याचं काय

खर्ज भिंतीतून आणि स्लॅबमधून जातो, वरचे सूर फारसे जात नाहीत. म्हणून भिंतीत ठोकलेल्या फळीवर स्पीकर ठेवू नका. स्टँड वापरा, खाली घट्ट फोमचे किंवा रबराचे तुकडे द्या. सबवूफर असेल तर तो टीव्हीखालून काढून तुमच्या खुर्चीला लागून ठेवा. जवळ असल्यामुळे त्याचा आवाज खूप कमी ठेवून चालतो. आपल्याकडे रात्री 10 ते सकाळी 6 निवासी भागासाठी 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण नियमापेक्षा मी एकदा शेजारच्या काकांकडे जाऊन उभा राहिलो आणि मुलाला गाणं लावायला सांगितलं, त्याचा जास्त उपयोग झाला. त्यांच्या भिंतीला हात लावल्यावर कळलं की अडचण फळीची होती.

सगळं जमल्यावर खुर्चीच्या पायांच्या जागा फरशीवर पेन्सिलने खुणा करून ठेवा, इक्वलायझरमध्ये 'रात्र' नावाने सेटिंग जपून ठेवा. लोकलच्या गोंगाटातून आल्या आल्या ऐकायला बसू नका, कानाला पंधरा-वीस मिनिटं उसंत द्या. गाणं निवडतानाही थोडा विचार करा. ख्याल, ठुमरी, एकल सतार हे हळू आवाजात सुरेख लागतं. मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे अगदी हळू भाग मात्र पंख्याखालीच जातात, तिथे मोठ्या आणि हळू भागांतला फरक कमी करणारा रिसीव्हरचा 'नाइट मोड' वापरायला हरकत नाही.

तपासायला विलंबित एकताल लावा. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घिस्सा ऐका. तो खालून वर चढताना मध्ये कुठेही न तुटता शेवटपर्यंत कानात आला, तर घुंडीला आता हात लावू नका.