उठायची वेळ आधी बांधा

साठीनंतर शरीराचं घड्याळ थोडं अलीकडे सरकतं. दिवेलागणीनंतर पेंग येते, पहाटे लवकर जाग येते. त्यात नऊला अंथरूण धरलं की साडेतीनला डोळे टक्क उघडे! मग घरात तक्रार, ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही.’ हिशोब मांडला तर साडेसहा तास झोप झालेली असते.

म्हणून आधी उठायची वेळ बांधा. समजा ६. रविवारी ६, पाहुणे असले तरी ६. झोपायची वेळ मग साडेदहा-पावणेअकरा. नऊला झोपायची सवय असेल तर एकदम ओढाताण नको. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं पुढे जा. दोन-अडीच आठवड्यांत जमतं. खरी फसगत होते ती जेवणानंतर टीव्हीसमोरच्या डुलकीने. तेवढ्या वेळात भांडी आवरा, दूध विरजा, पण खुर्ची सोडा.

पहाटे चारला जाग येणाऱ्यांनी ट्यूबलाइट लावू नये, शरीर ती सकाळ समजतं. फिरणं संध्याकाळी ५ ते ६ उजेडात ठेवा. पेंग उशिरा येते. दुपारची वामकुक्षी ३ च्या आत, गजर लावून २० ते ३० मिनिटं. चहा चारनंतर बंद. इंदूरकरांना सराफा बाजारातला रात्रीचा गराडू (तळलेला कंद) सोडा म्हणणं अवघड, पण रात्री अकराला तळलेलं खाऊन आडवं झालं की छातीत जळजळतं. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत.

रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं? पाय सुजत असतील तर दुपारी तासभर उशीवर ठेवा. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, ते रात्री बाहेर पडतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर वेळ डॉक्टरांना विचारून बदला. उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा. झटकन उभं राहिल्याने तोल जातो.

झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरतो. झोप रोज वेगळ्या वेळी आणि तुटक झाली की तो हवा तसा उतरत नाही, साखरही बिघडते.

अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघत जागरण झालं तरी दुसऱ्या दिवशी फार तर सातला उठा आणि वामकुक्षी अर्ध्या तासापुढे नेऊ नका.

झोपेच्या गोळ्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नकोत. म्हातारपणी त्यांनी पडणं आणि गोंधळणं वाढतं. घोरताना मध्येच श्वास थांबतो का, हे शेजारी झोपणाऱ्याला विचारा. थांबत असेल तर या वेळापत्रकाने भागणार नाही, तपासणी करून घ्या.