नौदलातल्या काकांचं चरित्र लिहायचंय? आधी पदकं बघा

आमच्या भाऊकाकांच्या पंच्याहत्तरीला दोन पानं छापायची ठरली आणि काम माझ्या गळ्यात पडलं. देवगडकडच्या आमच्या वाडीत सगळ्यांना एकच माहीत: काका 71 साली कराचीवर गेले होते. मीही तेच लिहिणार होते.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर आठवणी विचारण्याआधी ट्रंक उघडा. पदकं चकाकवायला मात्र जाऊ नका. आमच्या काकूने दर दिवाळीला चिंच लावून ती घासली. पदकांच्या कडेवर नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो आता भिंगातूनही जेमतेम लागतो. कोरड्या सुती फडक्याने पुसा, बस्स. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत रिबिनीला बुरशी धरते, म्हणून पदकं कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका.

मग पदकांवरची नावं वाचा. 71 च्या युद्धाचं संग्राम मेडल बऱ्याच जणांना मिळालं, त्यावरून माणूस कुठे होता ते कळत नाही. ताऱ्याच्या आकाराचं पदक मात्र बोलतं: पश्चिमी स्टार म्हणजे अरबी समुद्राची बाजू, पूर्वी स्टार म्हणजे बंगालची. काकांच्या डब्यात निघाला पूर्वी स्टार!

4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर गेल्या त्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका. नौदल दिन त्याच तारखेला असतो, त्यामुळे नौदलातला प्रत्येक काका गावात कराचीवाला होऊन बसतो. त्याच दिवशी विक्रांत या विमानवाहू जहाजावरची विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर तुटून पडली होती, ते कोणाच्या लक्षात नसतं.

तारा समोर ठेवून विचारलं तर काका हसले. "कराची खंयची गो? मी विक्रांतार होतंय, स्टोकर." म्हणजे बॉयलर सांभाळणारा.

मग इतकी वर्षं गप्प का? "कोणी इचारल्यानच नाय."

"युद्धात काय केलंत?" असं विचारू नका, दोन वाक्यांत संपतं. ड्यूटी किती तासांची, झोपायचात कुठे, घामाचं काय करायचात, हे विचारा. विक्रांतच्या एका बॉयलरला चीर गेली होती. तो बंद ठेवून उरलेल्या तिघांवर जहाज लढाईत नेलं, त्यामुळे वेग कमी. हे काका तासभर सांगत होते, हातातला चहा निवून साय धरली तरी.

तारखा आणि जहाजांची नावं मात्र डिस्चार्ज बुकातूनच घ्या. ते हरवलं असेल तर पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, सर्व्हिस नंबर सापडतो. तो घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. खलाशांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. अर्जावर सही काकांचीच घ्या. मी माझी केली आणि एक फेरी फुकट गेली. शौर्यपदक असेल तर काम सोपं, ते राजपत्रात छापलेलं असतं.

छापायच्या आधी मजकूर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मी "इंजिनरूम" वाचलं तिथेच काकांनी हात वर केला. "बॉयलररूम लिही. इंजिनरूम येगळी."