नांदेडच्या गोदावरीत मासे मोजताय? या चुका टाळा

माशांचं स्थलांतर मोजायला नवीन आलेली पोरं हमखास विष्णुपुरीच्या बंधाऱ्याखाली जाऊन उभी राहतात. तिथं मासे भरपूर, फोटोही झकास. मग वहीत पडतं: "स्थलांतर जोरात."

मीही तेच केलंय. पहिल्या पावसाळ्यात सलग चार सकाळी खालच्या डोहात मोजत बसलो. आकडा रोज फुगायचा, सोबत मीही. शेवटी जाळं झटकत बसलेले एक भोई मामा म्हणाले, "सर, तेच मासे हायत की. वर जाता येईना म्हणून जमलेत. कालचेच आज मोजायलाव तुमी." चार दिवसांची वही मिटली. पाण्याविरुद्ध चढणारा मासा भिंतीला अडला की तिथंच घुटमळतो. ताटकळलेले प्रवासी मोजून 'गाडी भरून गेली' म्हणण्यातली ही गत. आता मी भिंतीपासून दूर, खालच्या वाहत्या पट्ट्यात बसतो. तिथं मासे कमी दिसतात, नवख्यांना कंटाळा येतो. येऊ द्या.

दुसरी चूक याहून वाईट, कारण ती आकड्यांच्या तक्त्यात लपते. ऑगस्ट आणि नोव्हेंबरची तुलना करून "मासे घटले, प्रदूषण वाढलं" असा निष्कर्ष काढणारे मी बरेच पाहिले. प्रदूषण आहेच, शहराचे नाले नदीत येतात. पण खाली बाभळी बंधाऱ्याची 14 दारं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार ती 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी ठेवायची असतात. तेवढे दिवस खालच्या, तेलंगणातल्या पोचमपाड धरणाच्या फुगवट्यातल्या माशाला बाभळी ओलांडता येते. दार पडलं की वाट बंद. मध्ये आमदुरा, बळेगावचे बंधारे आहेतच. म्हणजे नोव्हेंबरात तुम्ही वेगळीच नदी मोजता. माझ्या वहीत तारखेच्या आधी 'दार?' असा रकाना असतो. तो रिकामा असेल तर मी पुढचं पान वाचत नाही.

वाम सापडली की "समुद्रातून आली" असं लगेच जाहीर करू नका. पाठीवरून बोट अलगद फिरवा. परांच्या आधी सुट्या काट्यांची रांग लागली आणि तोंड सोंडेसारखं टोकदार असेल, तर ती गोड्या पाण्यातच जन्मणारी, तिथंच मरणारी काटेरी वाम. अंडी घालायला समुद्रात जाणारा अहेर वेगळा. त्याला हे काटे नसतात. बाजारात दोघांनाही वामच म्हणतात, त्यामुळे नुसतं नाव विचारून भागत नाही. मोबाइलच्या ॲपवर तर माझा काडीचा विश्वास नाही.

रोहू, कटला, मृगळ दिसले म्हणून नाचू नका. धरणांत त्यांचं बीज सोडतात आणि दारं उघडली की ते वाहून खालीही येतात.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात, ते प्रवासाला निघालेले नसतात. त्या वेळी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो.

'आज वीस मासे' एवढंच लिहिलं तर पान फाडा. किती जाळी, किती तास, भोकाचं माप काय, हे हवंच. ते मला नव्हे, जाळं टाकणाऱ्याला विचारा. आणि विचारताना त्याच्याही चहाचे पैसे द्या.